क्रुसेडर्स : एका हंगामाची, एका नावाची गोष्ट

१५ मार्च २०१९चा शुक्रवार. न्यूझीलंडचं घड्याळ त्या महिन्यात आपल्यापेक्षा साडेसात तास पुढं असतं. ख्राइस्टचर्च शहरातल्या अल नूर मशिदीत जुम्म्याच्या नमाजसाठी लोक जमले होते. दुपारी १ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास तिथं गोळीबार सुरू झाला, तेव्हा आपल्याकडं सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. म्हणजे आमच्या जुम्म्याला अजून सात तास होते. त्या दुपारी आम्ही सगळे ती बातमी मनात घेऊनच मशिदीत गेलो. नमाजला उभं राहिल्यावर आपल्या पाठीमागं दार आहे आणि ते उघडं आहे, याची जाणीव मला आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी झाली.

अल नूर आणि लिनवुड या दोन मशिदींत मिळून ५१ माणसं मारली गेली. कुणी पाकिस्तानातून, कुणी बांगलादेशातून, कुणी अफगाणिस्तानातून, कुणी सीरिया-सोमालियातून पोटापाण्यासाठी किंवा जीव वाचवण्यासाठी तिथं आलेलं. आपल्या गुजरातचे, हैदराबादचे, केरळचे लोकही त्यांत होते. बांगलादेशचा क्रिकेट संघ त्याच मशिदीच्या वाटेवर होता आणि काही मिनिटांच्या फरकानं वाचला. आपल्याकडच्या बहुतेकांनी ती बातमी क्रिकेटच्या अंगानं वाचली, मीही तशीच वाचली. पण पुढच्या दोन-तीन दिवसांत आणखी एका खेळाचं नाव बातम्यांत येऊ लागलं. तो खेळ रग्बी आणि त्या शहराच्या संघाचं नाव ‘क्रुसेडर्स’.

ते नाव वाचून मी थबकलो. ज्या शहरात नमाज पढणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या शहराचा लाडका संघ ‘क्रुसेडर्स’? सामन्याआधी चिलखत घातलेले, तलवारी उगारलेले घोडेस्वार मैदानाला फेरी मारतात आणि लोक टाळ्या वाजवतात? तेव्हापासून मी त्या वर्षीचा ‘सुपर रग्बी’चा हंगाम शेवटपर्यंत पाठलाग केल्यासारखा वाचत, बघत राहिलो. खेळ मला फारसा कळत नव्हता. मला बघायचं होतं ते त्या नावाचं काय होतं हे.

पंधरा संघांची स्पर्धा

आपल्याकडं रग्बी फार कमी ठिकाणी खेळली जाते, म्हणून थोडं सांगतो. एका बाजूला पंधरा खेळाडू. चेंडू लंबगोल. हातातून पास द्यायचा तर तो पुढं देता येत नाही, मागंच द्यावा लागतो. समोरच्या संघाच्या रेषेपलीकडं चेंडू जमिनीला टेकवला की पाच गुण, त्यानंतरची लाथ खांबांमधून गेली की आणखी दोन, आणि पेनल्टीच्या लाथेला तीन.

१९९५ साली रग्बी युनियन हा हौशी खेळ अधिकृतपणे व्यावसायिक झाला. पुढच्याच वर्षी, १९९६मध्ये, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका या तीन देशांनी मिळून बारा संघांची स्पर्धा सुरू केली. टीव्हीच्या पैशावर ती वाढत गेली. २०११मध्ये पंधरा संघ झाले, २०१६मध्ये अर्जेंटिना आणि जपान आल्यावर अठरा झाले, मग प्रवास आणि वेळापत्रक झेपेना म्हणून पुन्हा पंधरावर आणले. २०१९मध्ये न्यूझीलंडचे पाच, ऑस्ट्रेलियाचे चार, दक्षिण आफ्रिकेचे चार, अर्जेंटिनाचा ‘हागुआरेस’ आणि जपानचा ‘सनवूल्व्ह्ज’ असे संघ होते. ब्युनोस आयर्स, केपटाउन, टोकियो, सिडनी, ऑकलंड एवढ्या टप्प्यात पसरलेली ही क्लबस्पर्धा.

१९९६मध्ये संघांना नावं द्यायची होती. बाजारात विकता येतील, टीव्हीवर दिसायला जोरदार वाटतील अशी. ऑकलंडला ‘ब्लूज’, वेलिंग्टनला ‘हरिकेन्स’, दक्षिणेच्या ओटागोला स्कॉटिश वसाहतवाल्यांच्या आठवणीतून ‘हायलँडर्स’. कँटरबरी प्रांत हा इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चशी नातं सांगणाऱ्या लोकांनी १८५०च्या सुमारास वसवलेला. त्याच्या वाट्याला ‘क्रुसेडर्स’ आलं. त्या वर्षी हा संघ तळाला राहिला. पण १९९८पासून त्यांनी जिंकायला सुरुवात केली ती थांबलीच नाही. २०१९चा हंगाम सुरू झाला तेव्हा त्यांच्याकडं नऊ विजेतेपदं होती.

माझा अंदाज आहे की नाव देणाऱ्यांच्या मनात मुसलमान नव्हतेच. आणि मला खटकलं ते नेमकं हेच. आपण कुणाच्या मनातच नसणं म्हणजे काय, हे अल्पसंख्य माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

फिरंगी आणि क्रूस

१०९५ साली क्लेरमाँ इथं पोप अर्बन दुसरा यानं जेरुसलेम जिंकण्याची हाक दिली. निघालेल्या जमावांनी पहिला घाव घातला तो मुसलमानांवर नव्हे. १०९६मध्ये त्यांनी ऱ्हाइन नदीकाठच्या गावांतले यहुदी कापले. १०९९च्या जुलैमध्ये जेरुसलेम पडलं आणि शहरातल्या मुसलमान-यहुद्यांची कत्तल झाली. ११८७मध्ये सलाहुद्दीननं शहर परत घेतलं. त्यानंतरच्या तिसऱ्या मोहिमेत अक्का शहराला ११८९ ते ११९१ असा वेढा पडला आणि शहर पडल्यावर राजा रिचर्डनं सुमारे २७०० कैद्यांना ठार केलं. १२०४मध्ये तर क्रूसवाल्यांनी कॉन्स्टँटिनोपल हे ख्रिस्ती शहरच लुटलं.

त्या काळचे अरब इतिहासकार या लोकांना ‘क्रूसवाले’ म्हणत नसत. ते त्यांना ‘फिरंज’ म्हणत, म्हणजे फ्रँक लोक. ‘सलीबी’ म्हणजे क्रुसाच्या लढाया हा शब्द अरबीत रूढ झाला तो फार नंतर, एकोणिसाव्या शतकात, युरोपची पुस्तकं वाचून. गंमत म्हणजे तो जुना ‘फिरंज’ फारसीमार्गे आपल्या मराठीत आला आणि ‘फिरंगी’ झाला. मराठ्यांच्या हातातल्या युरोपी पात्याच्या सरळ तलवारीला आपण ‘फिरंग’ म्हणतो, तीही त्याच कुळातली. शब्द असे फिरत फिरत कुठून कुठं जातात आणि अर्थ बदलतात, हे मराठी मुसलमानाला तरी नाकारता येणार नाही. आपली निम्मी बोली त्यावरच उभी आहे.

क्लबचा युक्तिवादही हाच होता. हल्ल्यानंतर लगेचच त्यांनी सांगितलं की या नावातून कुठलाही धार्मिक अर्थ अभिप्रेत नाही, या प्रांताच्या लढाऊ वृत्तीचं ते प्रतिबिंब आहे. इंग्रजीत ‘क्रुसेड’चा अर्थ आज मोहीम असाही होतो, हे खरं. कुणी भ्रष्टाचाराविरुद्ध लढतो, कुणी दारूविरुद्ध, त्यालाही इंग्रजी वर्तमानपत्रं क्रुसेडरच म्हणतात. पण २००१च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी दहशतवादाविरुद्धच्या लढाईला तो शब्द वापरला, तेव्हा जगभर गदारोळ झाला आणि त्यांच्या कार्यालयाला सारवासारव करावी लागली. म्हणजे जुना अर्थ मेला नव्हता, नुसता झोपला होता.

मला एक साधा प्रश्न पडला. ‘जिहाद’चाही मूळ अर्थ प्रयत्नांची पराकाष्ठा असाच आहे. उद्या एखाद्या संघानं ‘मुजाहिद’ नाव घेतलं, मैदानात तलवारवाले घोडे फिरवले आणि म्हटलं, ‘अहो, याचा अर्थ फक्त मेहनती माणूस’, तर कोण ऐकून घेईल? एका शब्दाला अर्थ बदलण्याची मुभा मिळते, दुसऱ्याला मिळत नाही. ही मुभा कुणाला मिळते ते ताकदीवर ठरतं.

आणि दुसरी गोष्ट. गोळ्या झाडणाऱ्यानं आपल्या बंदुकांवर जुन्या लढायांची नावं लिहून ठेवली होती. त्यात ‘अक्का ११८९’ होतं, ‘व्हिएन्ना १६८३’ होतं. न्यूझीलंडच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी त्याचं नाव कधीच न घेण्याचं ठरवलं, मीही घेत नाही. पण त्यानं ते लिहिल्यावर ‘हा फक्त खेळातला शब्द आहे’ असं म्हणायला जागा उरली नव्हती.

हंगाम पुढं सरकतो

हल्ल्याच्या सहा दिवस आधी, ९ मार्चला, क्रुसेडर्सनी ख्राइस्टचर्चमध्येच चीफ्स संघाला ५७-२८ असं हरवलं होतं. पुढचा सामना शनिवारी १६ मार्चला, दक्षिणेला ड्युनेडिनमध्ये हायलँडर्सविरुद्ध होता. तो रद्द झाला. दोन्ही संघांना दोन-दोन गुण देऊन बरोबरी लिहिली गेली. गुणतक्त्यात ती नोंद आजही आहे : न खेळलेला सामना, बरोबरी.

२२ मार्चला, पुढच्या शुक्रवारी, अल नूर मशिदीसमोरच्या हॅगली पार्कमध्ये हजारो लोक जमले. अजान देशाच्या रेडिओ-टीव्हीवरून ऐकवली गेली. पंतप्रधान डोक्यावर ओढणी घेऊन उभ्या होत्या. इमाम गमाल फौदा यांचा त्या दिवशीचा खुत्बा ज्यांनी ऐकला असेल, त्यांना त्यातला संयम आठवत असेल. दुसऱ्या दिवशी सिडनीत क्रुसेडर्स वॅराटाझकडून २०-१२ असे हरले. सामन्याआधी मौन पाळलं गेलं. मग वेलिंग्टनला जाऊन ते जिंकले, आणि ६ एप्रिलला हल्ल्यानंतरचा पहिला घरचा सामना ब्रंबीज संघाविरुद्ध झाला. तो त्यांनी ३६-१४ असा जिंकला. त्या संध्याकाळी घोडे आले नाहीत. तलवारीही नाहीत.

त्याच आठवड्यात, ३ एप्रिलला, न्यूझीलंड रग्बी आणि क्लब यांनी मिळून जाहीर केलं होतं की नावाचा आणि चिन्हांचा आढावा एका संशोधन संस्थेकडून घेतला जाईल. पर्याय दोन : नाव ठेवायचं पण क्रूसयुद्धांशी जोडलेली चित्रं-चिन्हं काढायची, किंवा सगळंच बदलायचं. आहे तसंच चालू ठेवणं हा पर्याय त्यांनी स्वतःच बाद केला. हे मला महत्त्वाचं वाटतं. कुणाला मोर्चा काढावा लागला नाही, कोर्टात जावं लागलं नाही. हल्ल्याला तीन आठवडेही झाले नव्हते. अर्थात चाहत्यांतून विरोधही मोठा झाला. ‘आमचं नाव आम्ही का बदलायचं, आम्ही काय केलं?’ हा सूर सगळीकडं होता. नावांच्या राजकारणातला हा सूर आपल्यालाही चांगलाच ओळखीचा आहे.

दोन खेळाडू, दोन धर्म

या स्पर्धेत मुसलमान नव्हतेच असं नाही. ऑकलंडच्या ब्लूजकडून खेळणारा सनी बिल विल्यम्स हा तिथला सर्वांत प्रसिद्ध खेळाडू. वडील सामोआचे. फ्रान्समध्ये तुलों क्लबकडून खेळत असताना त्यानं इस्लाम स्वीकारला आणि २०१०मध्ये तो न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघात, ऑल ब्लॅक्समध्ये, खेळणारा पहिला मुसलमान ठरला. २०१७मध्ये त्यानं जर्सीच्या कॉलरवरचं बँकेचं चिन्ह पट्टी लावून झाकलं, कारण व्याजाच्या व्यवहाराची जाहिरात त्याला करायची नव्हती. थोडी चर्चा झाली आणि मग मंडळानं त्याची अडचण मान्य केली. त्याच्या कॉलरवर एका धर्मादाय संस्थेचं चिन्ह आलं.

हल्ल्यानंतर तो रडत रडत बोलला, ख्राइस्टचर्चला गेला, जखमींना भेटला. त्याच्यासोबत त्याच्याच संघातला टोंगी वंशाचा ओफा तुंगाफासी होता. त्या दिवसांतच ओफानं कलमा पढला.

पण मला चक्रावून टाकलं ते वेगळ्याच माहितीनं. २०११मध्ये सनी बिल खुद्द क्रुसेडर्सकडून खेळला होता! त्या वर्षी २२ फेब्रुवारीला ख्राइस्टचर्चमध्ये भूकंप झाला, १८५ माणसं गेली, स्टेडियम निकामी झालं. संघानं पूर्ण हंगाम घराबाहेर काढला, एक ‘घरचा’ सामना तर लंडनला खेळला, आणि तरीही अंतिम फेरी गाठली. ब्रिस्बेनला ते १८-१३ असे हरले. त्या पडझडीच्या वर्षी त्या शहराला धीर देणाऱ्या जर्सीत एक मुसलमान होता आणि छातीवर तलवारवाला सरदार होता. त्याला ते खटकलं नसेल का? की त्या शहरासाठी खेळताना तो अर्थ मागं पडला? मला माहीत नाही. पण हे कळल्यावर माझा राग पहिल्याइतका सरळ राहिला नाही.

त्याच हंगामात आणखी एक प्रकरण घडलं आणि ते मला टाळून पुढं जाता येत नाही. वॅराटाझचा इस्राएल फोलाउ, टोंगी वंशाचा कट्टर ख्रिस्ती खेळाडू. ६ एप्रिललाच त्यानं या स्पर्धेतल्या सर्वाधिक ट्रायचा विक्रम केला. चार दिवसांनी त्यानं समलिंगी, दारूडे, व्यभिचारी वगैरेंची यादी देऊन त्यांना नरक मिळणार असल्याचं समाजमाध्यमावर लिहिलं. १७ मे रोजी ऑस्ट्रेलियाच्या मंडळानं त्याचा करार रद्द केला. मामला कोर्टात गेला आणि डिसेंबरमध्ये तडजोड झाली.

आमच्यातले अनेक जण तेव्हा म्हणाले, बघा, श्रद्धेवर गदा आली. मला तसं म्हणवेना. सनी बिलनं आपल्या श्रद्धेपायी स्वतःची कॉलर झाकली, त्याची झळ दुसऱ्या कुणाला बसली नाही. फोलाउनं दुसऱ्यांच्या आयुष्यावर निकाल दिला. तो निकाल आपल्याही काही तकरिरींत ऐकू येतो, हे कबूल केलं पाहिजे. ‘क्रुसेडर्स’ हे नाव ऐकून मला जे वाटतं, तेच त्या पोस्टमधला शब्द वाचून दुसऱ्या कुणाला वाटत असेल. स्वतःची जखम दाखवताना आपल्या बोलण्यानं झालेली दुसऱ्याची जखम झाकता येत नाही.

केपटाउनचे क्रुसेडर्स

मे महिन्यात, रमजानच्या दिवसांत, क्रुसेडर्स केपटाउनला गेले. न्यूलँड्स मैदानावर स्टॉर्मर्सविरुद्ध १९-१९ अशी बरोबरी झाली. तिथलं एक वास्तव फार कमी लोकांना ठाऊक असतं. स्थानिक संघ सोडून पाहुण्या क्रुसेडर्सना पाठिंबा देणारा मोठा जमाव त्या शहरात आहे. त्यांना ‘केप क्रुसेडर्स’च म्हणतात. हे लोक म्हणजे वर्णद्वेषी राजवटीत ज्यांना ‘कलर्ड’ म्हणून वेगळं काढलं त्यांची मुलं-नातवंडं. त्यांच्या आजोबांना न्यूलँड्सवर वेगळ्या कोपऱ्यात बसवत. गोऱ्यांच्याच राष्ट्रीय संघाला टाळ्या का वाजवायच्या, म्हणून ते पाहुण्या ऑल ब्लॅक्सच्या बाजूनं ओरडत. तो पक्ष घरात वारशानं आला आणि पुढं क्रुसेडर्सकडं वळला.

या समाजात मुसलमान पिढ्यान्पिढ्या आहेत. डचांनी पूर्वेकडच्या बेटांतून आणि हिंदुस्थानातूनही गुलाम म्हणून नेलेल्या लोकांचे वंशज. रग्बी त्यांच्या मोहल्ल्यांत शंभराहून जास्त वर्षं खेळली जाते. म्हणजे रोजा सोडून टीव्हीसमोर बसणारा केपटाउनचा एखादा मुसलमान क्रुसेडर्सच्या विजयासाठी दुआ करत असणार. त्याच्या लेखी त्या नावाचा अर्थ वर्णद्वेषाला दिलेला नकार आहे. इतिहास वाचून मी त्या नावाला एक अर्थ लावला होता, त्याला त्याच्या घरानं दुसराच अर्थ दिला. त्याला मी चूक कसं म्हणू?

तलवार गेली, नाव राहिलं

साखळी फेरीत क्रुसेडर्स पहिले आले. उपउपांत्य सामना २१ जूनला ख्राइस्टचर्चमध्ये झाला आणि समोर नेमका हायलँडर्स होता. मार्चमध्ये ज्यांची गाठ पडली नाही, तेच दोन संघ बाद फेरीत समोरासमोर आले. क्रुसेडर्स ३८-१४ जिंकले. उपांत्य फेरीत हरिकेन्सना त्यांनी ३०-२६ असं निसटतं हरवलं. अंतिम सामना ६ जुलैला, प्रतिस्पर्धी हागुआरेस. अर्जेंटिनाचा संघ पहिल्यांदाच इथवर आला होता. चुरशीच्या, बचावाच्या त्या सामन्यात एकच ट्राय झाली, कोडी टेलरची. बाकीचे गुण लाथांवर आले. १९-३. सलग तिसरं आणि एकूण दहावं विजेतेपद.

२९ नोव्हेंबरला, तोही शुक्रवारच, निर्णय जाहीर झाला. नाव राहणार. तलवारवाला सरदार जाणार. नव्या चिन्हात माओरी शैलीची नक्षी आली. दक्षिणेचे डोंगर आणि समुद्र यांच्याशी नातं सांगणारी ती नक्षी, त्या भूमीचे मूळ मालक असलेल्या न्गाई ताहू लोकांच्या सल्ल्यानं घेतलेली.

मला वाटत होतं की नाव जायला हवं. आजही वाटतं. पण पूर्वी मला हा अर्धवट न्याय वाटला होता, आता तसं म्हणताना मी जरा थांबतो. इंग्लंडच्या चर्चची आठवण सांगणारा सरदार काढून तिथं मूळच्या लोकांची नक्षी येणं, ही गोष्ट लहान नाही. तलवार काढायला त्या शहरानं मुसलमानांकडून अर्ज मागवला नाही. आणि नाव राखताना हेही मान्य केलं की या शब्दाचा अर्थ यापुढं आपल्या वागण्यानं सिद्ध करावा लागेल. ते त्यांनी केलं की नाही, हे ख्राइस्टचर्चच्या मुसलमानांनी सांगायचं. ते सांगण्याचा हक्क माझा नाही.

पुढचा हंगाम पुरा झालाच नाही. कोरोनामुळं १४ मार्च २०२०ला स्पर्धा थांबवण्यात आली. ख्राइस्टचर्चमधला वर्षश्राद्धाचा, म्हणजे पहिल्या स्मृतिदिनाचा राष्ट्रीय कार्यक्रमही त्याच दिवशी रद्द झाला. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेचे संघ युरोपकडं वळले, अर्जेंटिना आणि जपान बाहेर पडले. चार दिशांना पसरलेल्या त्या जुन्या स्पर्धेचा पूर्ण झालेला शेवटचा हंगाम २०१९चाच ठरला.

मी आजही कधी कधी त्या हंगामाचा गुणतक्ता उघडून बघतो. क्रुसेडर्स : ११ विजय, २ पराभव, ३ बरोबरी. त्या तीनांतली एक बरोबरी खेळून झालेली नाही. अल्लाह त्या ५१ जणांना मगफिरत देवो.